शेजाऱ्याचं झाकण

आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असतं. एका टोकाला मान वाकवता येणारा दिवा, त्याच्याखाली हिरवी रबरी चटई, चटईवर ब्लेडच्या रेघाच रेघा. भोवती चिमटे, बारक्या कानशी, वापरून झालेल्या इंजेक्शनच्या सुया, कापून सपाट केलेली टूथपेस्टची ट्यूब, तांब्याची तार, मेणबत्ती. आणि या पसाऱ्यात नाक खुपसून बसलेली माझी लेक. तिला आम्ही चांगलं नाव ठेवलेलं आहे, पण चालायला लागल्यापासून तिच्या हातात चिमटा दिसतो, म्हणून मी तिला चिमटीच म्हणते. ती टेबलावर राज्य करते आणि तिचे आईबाप ताटं मांडीवर घेऊन जेवतात.

चिमटी दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांच्या कवळ्या आणि कॅपा घडवते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, हिचं बरं भरतं. घरी आली की हात धुते, चहा घेते आणि रणगाडे करायला बसते. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे, दोन तळव्यांवर मावतील एवढे.

बाजारात त्यांचे खोके मिळतात. आत प्लॅस्टिकच्या चौकटीला लोंबकळणारे भाग असतात. तोडा, चिकटवा, रंगवा, मोकळे व्हा. चिमटीला ते पटत नाही. खोक्यातल्या रणगाड्याला झाकणाची मूठ म्हणजे नुसता ओतलेला उंचवटा असतो. ही तो ब्लेडनं खरवडून काढते, सुईच्या टोकानं दोन भोकं पाडते आणि तार वाकवून तिथं खरी मूठ बसवते. का, तर मुठीखालून बोट जाईल अशी फट दिसली पाहिजे. कुणाचं बोट जाणार आहे त्यातून, मुंगीचं? असं मी एकदा म्हटलं, तर बाईसाहेब आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या.

आमचे हे मात्र त्या टेबलाकडे फिरकायचे नाहीत. आता खरं तर यांनीच फिरकायला हवं होतं, कारण हे तरुणपणी लढाईत रणगाडा चालवत होते. लेकीनं अर्ध्या जगाचे रणगाडे करून कपाटात ओळीनं मांडले. यांनी एकालाही बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. ताकीद मात्र एकच होती: "आमचा तेवढा करायचा नाही."

चिमटीला वाटायचं, बाबांना तिचा छंद आवडत नाही. मला खरं कारण ठाऊक होतं. लग्न झाल्यावर यांनी ते मला एकदा सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर म्हणाले होते, "पुन्हा विचारू नकोस."

रणगाड्यात पुढे दोघं बसतात. डावीकडे चालक, म्हणजे हे, आणि उजवीकडे त्याचा जोडीदार. यांच्या जोडीदाराला हे शेजारी म्हणायचे आणि तोही यांना शेजारीच म्हणायचा. दोघांच्या डोक्यावर एकेक लोखंडी झाकण असतं, तेच त्यांचं दार. मधे गिअरची मोठी पेटी, म्हणून एकाला दुसऱ्याच्या बाजूला पटकन सरकता येत नाही. वर जो भाग गोल फिरतो त्याला टरेट म्हणतात. त्यात रणगाड्याचे कमांडर, म्हणजे साहेब, आणि तोफ चालवणारा गनर. तोफेची नळी टरेटमधूनच पुढे आलेली असते. आता एवढं नीट लक्षात घ्या, कारण आमच्या घरातलं सगळं दुखणं एवढ्यातच आहे. नळी जर उजव्या अंगाला वळून थांबली, तर ती शेजाऱ्याच्या झाकणावर येते. मग आतला माणूस खालून कितीही ढकलो, झाकण बोटभर उचलतं आणि नळीला अडतं.

तसंच झालं. गोळा मागे इंजिनाला लागला, आग लागली, नळी होती तिथं थांबली. गनर बेशुद्ध पडला. साहेबांनी त्याला वर ओढून काढला आणि खाली सोडला. हे आपल्या झाकणातून बाहेर आले आणि शेजाऱ्याचं झाकण ओढायला लागले. ते अडत होतं. टरेट हातानं फिरवायला आत एक हँडल असतं, थोडे वेढे दिले की नळी बाजूला होते. साहेब अजून टरेटवरच होते. हे ओरडले, साहेब, नळी फिरवा! साहेबांनी ऐकलं. यांच्याकडे वळून बघितलंसुद्धा. मग उडी मारली, गनरला काखोटीला मारला आणि निघून गेले. हे स्वतः वर चढायला गेले तोवर टरेटमधून ज्वाळा यायला लागल्या होत्या. यांचे दोन्ही हात भाजले. शेजारी आतून झाकण वाजवत होता. मग त्यानं वाजवणं थांबवलं.

साहेबांना पदक मिळालं, गनरचा जीव वाचवला म्हणून. पदक खोटं नव्हतं, गनर खरोखरच वाचला आणि म्हातारा होऊन मेला. पण सरकारदरबारी असं ठरलं की शेजारी गोळा लागला त्याच क्षणी गेला, बिचाऱ्याला काही कळलंही नाही. चौकशीच्या वेळी यांना विचारलं, असंच झालं ना? समोर साहेब बसले होते. हे 'हो' म्हणाले. वय विशीच्या आतबाहेर, हाताला पट्ट्या, समोर साहेब. तेव्हापासून हे मूग गिळून बसले ते बसलेच. पलटणीचे मेळावे व्हायचे, आमंत्रणं यायची, हे कधी गेले नाहीत. शेजाऱ्याच्या घरी तर कधीच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते मी या माणसाच्या संसारात राहून रोज बघितलं आहे.

तर झालं असं की चिमटीच्या एका मॉडेलला प्रदर्शनात बक्षीस मिळालं, पेपरात फोटो छापून आला, आणि इतक्या वर्षांनी साहेबांचा फोन आला. मीच उचलला.

"वहिनी, ओळखलं का?" आवाज असा, जसे काही कालच आमच्याकडे जेवून गेले आहेत.

पलटणीच्या सभागृहात काचेची नवी पेटी बसवली आहे, त्यात आपला रणगाडा हवा, तुमच्या लेकीनं तो करावा, छोटासा समारंभ करू, असं सगळं त्यांनी सांगितलं. शेजाऱ्याच्या बहिणीलाही बोलावतोय म्हणाले. ती दरवर्षी न चुकता येते आणि पुढच्या रांगेत बसते. मी फोन यांच्या हातात दिला. मला वाटलं, आता हे फोन आपटणार.

"करू, साहेब," हे म्हणाले.

"डोकं ठिकाणावर आहे ना?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

हे सरळ टेबलापाशी गेले, खुर्ची ओढली आणि चिमटीच्या समोर बसले. आयुष्यात पहिल्यांदा. मग मला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं, त्याच क्रमानं, जवळजवळ त्याच शब्दांत. ती चिमटा हातात धरून ऐकत राहिली.

"नळी उजवीकडे, शेजाऱ्याच्या झाकणावर," हे म्हणाले. "झाकण जेवढं उचलत होतं तेवढं उचललेलं. बाकी काही चुकलं तरी चालेल. एवढं चुकायचं नाही."

"साहेबांना चालेल?"

"साहेबांसाठी नाही करायचं. त्याची बहीण येणार आहे. मला आपणहून तोंड उघडता येत नाही गं. बघितलंय प्रयत्न करून. ती हे बघेल, आणि विचारेल, हे झाकण असं कसं उघडणार होतं? तिनं विचारलं की मी सांगेन. कुणी विचारल्यावर मला सांगता येतं."

मला राहवलं नाही. "आणि ऐकून तिचं काय होईल? भाऊ क्षणात गेला म्हणून ती सुखानं झोपते तरी. खपली कशाला काढायची?"

"भाऊ तिचा होता," हे म्हणाले. "तिच्यापासून लपवून ठेवायला तो माझ्या मालकीचा आहे का?"

 मी ताटं घ्यायला गेले. पण खरं सांगायचं तर मला त्या बहिणीपेक्षा यांची काळजी वाटत होती. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं हे एकदम बोलायला गेले आणि बोलणं चुकलं, तर?

मग आमच्या घरात एक नवीनच तऱ्हा सुरू झाली. बापलेक संध्याकाळी समोरासमोर बसायचे आणि भांडायचे. हे आठवून सांगायचे, ती करायची, हे म्हणायचे असं नव्हतं, ती म्हणायची मग आधी सांगायचं ना. रणगाड्याच्या मागे एक बादली टांगलेली असायची. तिनं टूथपेस्टच्या ट्यूबचा पत्रा कापून, काडीभोवती वळवून इवलीशी बादली केली, तारेचा कान लावला. माझ्या मते तर ती बघण्यासारखी झाली होती. यांनी चष्मा वर केला. "बादलीला पोचा होता. खाली, या अंगाला." तिनं पेन्सिलीच्या टोकानं पोचा पाडला. "एवढा नव्हता." तिनं दुसरी बादली केली.

ताडपत्रीसाठी पातळ कागदी रुमाल पाण्यात कालवलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवला आणि गुंडाळला. तेही यांना पटलं नाही. "आम्ही अशी गुंडाळत नव्हतो. दे इकडे." भाजल्यापासून यांच्या बोटांची कातडी ताणलेली आहे, बोटं पुरती वळत नाहीत. तरी यांनी तो ओला कागद घेतला आणि तीन घड्या घालून टोकं आत खोचली. चिमटी बघत राहिली. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडातलं बघणारी पोर, त्या दिवशी बापाच्या हाताकडे बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघितलं, पण बोलले नाही, नाहीतर दोघंही माझ्यावर घसरले असते.

बोल्टांची एक वेगळीच गंमत. चौकटीची प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरायची, मऊ झाली की दोन्हीकडून ताणायची. तिचा केसासारखा धागा होतो. तो ब्लेडनं कापला की एकेक काप म्हणजे बोल्टचं डोकं. ओल्या ब्रशच्या टोकावर ते उचलायचं आणि श्वास रोखून जागेवर ठेवायचं. मी नेमकी तेव्हाच शिंकले. सगळे बोल्ट गेले उडून. बापलेक दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी शत्रूच्या बाजूची. मग तिघंही जमिनीवर रांगत होतो. एकही सापडला नाही, आणि हे चक्क हसले. चिमटी मला नंतर म्हणाली, "आई, बाबांना हसताना दात दिसतात, मला माहीतच नव्हतं. वरचा एक बसवायला झालाय." धंदा डोक्यातून जात नाही तो असा.

शेजाऱ्याच्या झाकणाला तिनं सगळ्यात जास्त वेळ घेतला. बिजागरी तारेची, तिच्यातून झाकण खरंच वर-खाली व्हायचं. कडेची जाडी दिसावी म्हणून घासून घासून पातळ केलं. कडेला वेल्डिंगची रेघ हवी, म्हणून पुट्टीची दोऱ्याएवढी वळी करून चिकटवली आणि ब्लेडनं टोचून टोचून खडबडीत केली. हे म्हणाले, "आतून एक मूठ होती."

"बाबा, आतलं कुणाला दिसणार नाही. फट एवढीशी आहे."

"नको दिसू दे. त्यानं धरली होती ती."

 इंजेक्शनची सुई कापून, वाकवून तिनं आतली मूठ केली, बसवली, रंगवली. मग झाकण बोटभर, म्हणजे त्या मापात केसभर, उचलून पक्कं केलं. त्यावर नळी आणून ठेवली. मी चष्मा लावून खाली वाकून बघितलं. त्या केसभर फटीत काळोख होता आणि झाकणाची कड नळीला टेकलेली होती. मला खरंच वाटलं की आतून कुणीतरी ढकलतंय. मी तिथून उठले आणि उगाचच ओटा पुसत बसले.

"आता टरेट चिकटव," हे म्हणाले. "पक्कं. हलता कामा नये."

इथं चिमटीचा हात थांबला. मॉडेल करणारी ही जी जमात आहे, तिच्यात एक रीत आहे. काही झालं तरी टरेट चिकटवायचं नाही. ते नुसतं खाचेत बसवायचं. न्यायचं-आणायचं झालं तर वेगळं काढून कापसात गुंडाळता येतं. धूळ झाडता येते. कुणाचा धक्का लागला तर टरेट फिरतं, पण नळी मोडत नाही. ही गोष्ट या लोकांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की टरेट चिकटवणारा म्हणजे नवशिक्या असं ते धरूनच चालतात.

"टरेट कुणी चिकटवत नाही, बाबा."

"तू चिकटव."

"बरं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी यांनी विचारलं तेव्हा, "चिकटवलं," असं सांगितलं. यांनी अलगद बोट लावून बघितलं. हललं नाही. यांचं समाधान झालं.

समारंभाच्या दिवशी सकाळी ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, एक गोंद असतो तो प्लॅस्टिक वितळवतो, दोन तुकडे एकच होऊन जातात. तो मी नाही लावला. पांढऱ्या गोंदाचा ठिपका लावलाय. सहज सुटणार नाही, पण नळी कशाला अडली तर टरेट सुटेल. उद्या नळीच मोडली तर बाबा काय दाखवणार? त्यांना सांगू नकोस, उगाच डोक्यात राख घालून घेतील."

मला तिचं म्हणणं पटलं. मला काय, डिंक तो डिंक.

हे सकाळपासून तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत. मी आत डोकावले तर आरशासमोर उभे राहून ओठ हलवत होते. एकच वाक्य पाठ चाललं होतं: "ताई, नळी आडवी होती." एवढंच. ते एकदा तोंडातून निघालं की पुढचं आपोआप येईल असा यांचा हिशेब होता.

सभागृह लांबट होतं. भिंतीवर फोटो, खुर्च्यांच्या रांगा, पुढे काचेची पेटी, तिची काच वर उचलून ठेवलेली. आत कापडाखाली आमचा रणगाडा. चिमटीनं तो स्वतःच्या हातानं नेऊन ठेवला होता आणि नळी झाकणावर आहे ना हे वाकून बघून घेतलं होतं. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. पुढच्या रांगेत एक बुटकीशी बाई, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर कापडी पिशवी. यांनी तिला पाठीवरूनच ओळखलं. "कान तसेच आहेत," हे पुटपुटले.

साहेब आले. केस काळेभोर, पाठ ताठ, कोटावर पदक. म्हातारे झालो ते फक्त आम्ही. भाषण केलं, आम्ही सगळे एका ताटात जेवलेलो म्हणाले, यांना उभं करून लोकांना दाखवलं, "हा आमचा चालक," आणि कापड ओढलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब वाकून बघायला लागले. आधी हसले, ओळखीची वस्तू बघून हसतं तसं माणूस. बादली बघितली, ताडपत्री बघितली, मान डोलावली. मग नजर नळीवरून पुढे सरकत गेली आणि झाकणापाशी थांबली. मला त्यांचा चेहरा समोरून दिसत होता. न आठवणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

"अरे, नळी अशी तिरपी कशी?" ते मोठ्यानं म्हणाले. "सलामीला नळी समोर हवी." आणि त्यांनी एक बोट लावलं.

टक् असा बारीकसा आवाज झाला. पांढरा ठिपका सुटला आणि टरेट फिरलं.

चिमटी ताडकन उठली. "साहेब, ती तशीच होती! बाबांनी सांगितलंय."

"बाळा, त्या टरेटमध्ये मी बसायचो," साहेब म्हणाले. सभागृह हसलं. पुन्हा टाळ्या झाल्या. रखवालदारानं काच खाली ओढली, कुलूप लावलं आणि किल्ली साहेबांच्या हातात दिली. माझ्या शेजारी हे गुडघ्यांवर हात ठेवून सरळ बसले होते. चिमटी खुर्चीत बसली आणि माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मग चहा झाला. लोक एकेक करून पेटीपाशी जाऊन बघत होते, वा वा म्हणत होते. ती बहीण सरळ आमच्याकडे आली.

"तुम्ही त्याच्या शेजारी बसायचात ना? मला दाखवा ना जरा."

हे तिच्याबरोबर गेले. आम्ही मायलेकी मागोमाग.

"मी इथं, डावीकडे," हे म्हणाले. "तो इथं."

ती इतकी वाकली की काचेवर तिचा श्वास उमटला. "किती बारीक केलंय हो. हे झाकण उघडायला लागलंय."

"ताई, नळी आडवी होती."

पाठ केलेलं वाक्य बरोबर आलं. मी मनात म्हटलं, चला, बोला आता.

"आडवी म्हणजे?"

"या झाकणावर होती. म्हणून ते एवढंच उघडत होतं. तो आतून ढकलत होता, मी वरून ओढत होतो. वाजवत होता तो."

तिनं मान वर केली. "वाजवत होता? म्हणजे जिवंत होता?"

"हो, ताई."

"आणि तुम्ही इथं होतात? झाकणापाशी?"

"हो."

ती पुन्हा काचेकडे वळली. नळी समोर, सरळ. शेजाऱ्याचं झाकण केसभर उचललेलं, आणि त्याच्यावर काही म्हणजे काही नव्हतं. नुसती हवा. लेकीनं इतक्या मायेनं केलेलं ते झाकण एका बोटानं उघडेल असं दिसत होतं.

"पण याच्यावर तर काहीच नाही," ती म्हणाली.

"मघाशी होती. साहेबांनी फिरवली."

"त्यांनी तर चूक दुरुस्त केली ना?"

तेवढ्यात साहेब कप हातात घेऊन आलेच. "काय ताई, चहा घेतला का?"

"हे म्हणतात, तो जिवंत होता. झाकण वाजवत होता."

साहेबांनी कप पेटीवर ठेवला आणि यांच्या खांद्यावर हात टाकला. "आगीत माणसाला काय काय ऐकू येतं, ताई. हा तेव्हा पोरगेला होता. घाबरला होता, हात भाजले होते. ह्याला आम्ही कुणी कधी दोष दिला नाही. पुढेही देणार नाही."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोर घरधन्याला माफ करतो हे पहिल्यांदाच बघितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दोष?" मी म्हटलं. "हँडल कुणाच्या हाताशी होतं ते सांगा ना ताईंना. यांनी ओरडून सांगितलं ते ऐकलं होतंत की नाही, तेही सांगा."

"वहिनी," साहेब हळू आवाजात, अगदी गोड म्हणाले, "तुम्ही होतात का तिथं?"

मी नव्हते. आणि हे, जे होते, ते साहेबांचा हात खांद्यावर पडल्यापासून पाय जुळवून ताठ उभे होते. मी यांच्याकडे बघितलं, बोला म्हणून खुणावलं, चिमटी "बाबा, सांगा ना," म्हणाली. यांचे ओठ हलले. आवाज काही आला नाही.

बहिणीनं आमच्याकडे, मग साहेबांकडे बघितलं. शेवटी परत त्या झाकणाकडे बघितलं.

"इतकी वर्षं तुम्ही एकदाही आमच्याकडे का आला नाहीत, मला कळत नव्हतं," ती यांना म्हणाली. "आई शेवटपर्यंत विचारायची. आज कळलं."

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि ती गेली. साहेब तिला दारापर्यंत सोडायला गेले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. न सांगता हे निदान शेजाऱ्याच्या घरच्यांच्या लेखी नुसते न आलेले होते. सांगून हे त्याला आत सोडून पळालेले झाले. चिमटी किल्लीसाठी रखवालदाराच्या मागे धावली. तो म्हणाला, किल्ली साहेबांकडे असते.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर ती रडायला लागली. "बाबा, मी पांढऱ्यानं चिकटवलं होतं. पक्कं लावलंच नव्हतं. मी खोटं सांगितलं तुम्हाला."

मला वाटलं आता हे तिच्यावर ओरडतील. ओरडावं असं मलाही वाटत होतं, कुणावर तरी ओरडायला हवं होतं. हे पायरीवर थांबले.

"फिरवायला किती जोर लागला असेल त्यांना?" यांनी विचारलं.

"काहीच नाही. एक बोट."

"खऱ्यालाही फार लागत नाही," हे म्हणाले. मग कठड्याला धरून एक पायरी उतरले, आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "फिरवली म्हणजे शेवटी त्यांनी. आत कुणी नसताना."